इंद्रभानची गुप्त चौकशी

कारंज्याच्या एसटीतून एक तरणी बाई उतरली. हातात पेढ्यांचा पुडा, आणि डोळे रडून सुजलेले.

चांदीचे वाळे, फक्त उजव्या पायातले.

"बैलाचं आन् नवरदेवाचं वय दात पाहून ठरवावं. इचारू नये."

खोबरेल तेलाची बाटली थंडीत गोठते. घटकाभर उन्हात ठेवली की पुन्हा पातळ होते.

म्हशीला कुणी सूनबाई म्हटलं तर तिने ओ द्यावी की नाही?

नळासमोर एक गोटा ठेवलेला. तो गोटा म्हणजे दुर्गाबाई.

*

एका पंगतीला बसाव्यात अशा या गोष्टी नाहीत, हे खरं. पण सगळ्यांना जेवायला बोलावलं ते सोजरबाईच्या डाव्या डोळ्याने.

सोजरबाई म्हणजे इंद्रभानची थोरली बहीण. शेलूबाजारजवळच्या एका खेड्यात लेकाकडे राहायची. उजवा डोळा केव्हाच गेला होता, आणि डाव्यात मोतीबिंदू पिकत आला होता. माणसं ती आवाजावरून ओळखी. एकदा तिने अंगणातल्या हालचालीला "काय करून राह्यली वं सूनबाई?" असं विचारलं, तर ती म्हैस निघाली. म्हशीने ते मनाला लावून घेतलं नाही. सून मात्र महिनाभर बोलली नाही.

चौऱ्याहत्तरच्या हिवाळ्यात, नाताळच्या सुटीत शेलूबाजारच्या शाळेत डोळ्यांचं शिबिर ठरलं. डॉक्टर अकोल्याहून येणार, ऑपरेशन फुकट, जेवण फुकट, चष्माही फुकट. सोजरबाईला फुकट शब्दाचा भारी संशय.

"फुकट कापते म्हंजे कसंबी कापते," ती म्हणाली. "हप्ताभर दोन्ही डोये बांधून ठेवते म्हने. कोन आलं, कोन गेलं, काय समजंन? इंद्या, तू जवळ बसत असशीन त कापू दे. नाई त आंधळीच बरी मी."

"बसतो न बाई मी," इंद्रभान म्हणाला.

इथे तो फसला. कारण शिबिरात नातेवाइकांना बंदी होती. आदल्या वर्षी दुसऱ्या एका गावच्या शिबिरात एकेका पेशंटामागे सातसात नातेवाईक आले होते, आणि एकाने तर बकरी आणली होती. शिवाय तिथे एक वाईट गोष्ट घडली. डोळ्यांवर पट्टी असलेल्या म्हातारीच्या पायातले चांदीचे वाळे कुणीतरी स्वयंसेवक बनून काढून नेले. उजव्या पायातले नेले, डाव्यातले निघाले नाहीत. म्हातारीला वाटलं, डॉक्टर पाय तपासून राह्यला. म्हणून यंदा पेशंटाजवळ फक्त स्वयंसेवक बसणार, आणि स्वयंसेवक नेमायचा तो त्याची चौकशी करूनच, असं समितीने ठरवलं.

"चौकशी करा न बाप्पा," इंद्रभान समितीचे अध्यक्ष उकंडराव यांना म्हणाला. "आपलं काय हाय लपवासारखं?"

उकंडराव शेलूबाजारचे मोठे जमीनदार. त्यांनी मिशीवर हात फिरवला. "चौकशी गुप्त राहीन. कोनाले कायची हे समजनार नाई."

इंद्रभानला हे फारच पटलं. तो मंगरूळपीरच्या एसटी स्टँडवर कंट्रोलर होता. त्याने शिट्टी फुंकल्याशिवाय गाडी हलत नसे, आणि फुंकल्यावरही लगेच हलत नसे, पण तो भाग वेगळा. इस्त्रीचा बुशशर्ट, खिशाला पेन, महिन्याच्या महिन्याला पगार. बायको भागिरथा जाऊन दोन वर्षं झाली होती. लेक गंगू कारंज्याला दिलेली. घरात भिंतीवर बुद्धाची तसबीर, तिच्याखाली भागिरथेची, आणि त्या दोघांखाली तो एकटा. एवढ्याशा संसारात चौकशीला सापडणार काय?

रजेची भानगड आधी निस्तरावी लागली. रजेच्या साहेबाचं म्हणणं, निवड झाल्याचा कागद आणा, मग रजा देतो. समितीचं म्हणणं, रजा मिळाल्याचा कागद आणा, मग निवडीचं पाहतो. इंद्रभान या दोघांमध्ये गोफणीतल्या दगडासारखा फिरला. शेवटी बोलता बोलता साहेबाच्या आईलाही मोतीबिंदू असल्याचं निघालं, आणि रजा मंजूर झाली.

*

आता गुप्त चौकशीबद्दल.

चौकशीचं काम समितीने नानाजींकडे दिलं. नानाजी म्हणजे रिटायर झालेले मास्तर. पांढरंशुभ्र धोतर, काळा कोट, बगलेत छत्री, आणि ओसरीवर बसताना आधी छत्री टेकवून मग स्वतः टेकायची पद्धत. त्यांनी आयुष्यात एकाच प्रकारची चौकशी केली होती. स्वतःच्या चार पोरींसाठी स्थळांची. पण ती इतकी कसून केली होती की चारही जावई अजून त्यांना पाहिलं की बिडी विझवत.

आता असा माणूस भर दुपारी एखाद्याच्या आळीत येतो, पाणी मागतो, ओसरीवर टेकतो, आणि आवाज खाली घेऊन विचारतो, "ते शेजारचे इंद्रभान, माणूस कसा आहे? काही व्यसन? आजारबिजार? घरात कोण कोण?" वर म्हणतो, "कशाकरिता ते विचारू नका." आपल्या मुलखात याचा अर्थ काय होतो, हे शाळेत न गेलेल्यालाही कळतं.

ग्यानबा टेलरला ताबडतोब कळलं. तो इंद्रभानचा जिवलग. हातातला पायजमा त्याने बाजूला ठेवला आणि मैत्रीला जागायचं ठरवलं.

"माणूस म्हंजे सोनं, गुरुजी. सोनं!"

"वय?"

"बैलाचं आन् नवरदेवाचं वय दात पाहून ठरवावं. इचारू नये," ग्यानबा म्हणाला. मग नानाजी गप्प राहिले तेव्हा, "असंन छत्तीसेक," असं म्हणून त्याने मित्राचं वय बारा वर्षांनी उतरवलं.

"शेतीवाडी?"

"बारा एकर. ओलीत!"

इंद्रभानच्या नावावर कुठे काही होतं तर परसातलं पपईचं एक झाड. ओलीत हा शब्द मात्र त्याने मनापासून घातला.

नानाजींच्या लक्षात घोटाळा आला तो तिसऱ्या घरी, "तुमची पोरगी सैपाकात कशी हाय?" असं तिथल्या म्हातारीने विचारलं तेव्हा. त्यांनी खुलासा करायला हवा होता. पण चौकशी गुप्त होती, चहा बरा होता, आणि लोक कधी नव्हे ते बोलत होते.

मग ते दुर्गाबाईकडे गेले.

दुर्गाबाई इंद्रभानच्या भिंतीला लागून राहायची. एकटी, गुडघ्यांनी अधू. नळावर नंबर लावायला तिचा गोटा जाई, आणि घागर भरून आणून द्यायला इंद्रभान, ड्यूटीवर जायच्या आधी. नानाजींचं धोतर पाहताच तिच्या डोळ्यांपुढे सगळं उभं राहिलं. नवी बाई येणार. नव्या बाईला आपल्या नवऱ्याने शेजारणीचं पाणी भरलेलं कशाला खपेल? गोटा तिथेच राहील, घागर कोरडी.

दुर्गाबाईने भांजी मारली. जमत आलेलं लग्न मोडायची ही आपल्याकडची जुनी कला. तिच्यात खोटं बोलून भागत नाही, खोटं पकडलं जातं. खरंच सांगावं लागतं, फक्त तोंड वाकडं करून.

दुर्गाबाईने तोंड वाकडं केलं आणि सगळं खरं सांगितलं.

*

समितीच्या बैठकीआधीच बातमी फुटली. मंगरूळच्या स्टँडवर सकाळी ड्रायव्हर धनसिंग खिडकीतून ओरडला, "कंट्रोलरसायब, ब्यांड कुठला सांगतला?"

"कायचा ब्यांड?"

"व्हा भाऊ! आमालेच लपवता!"

एसटीने कुठली गोष्ट वेळेआधी पोचवल्याचं इंद्रभानच्या नोकरीत कधी घडलं नव्हतं. ही पोचली. दुपारच्या गाडीने कारंज्याहून गंगू उतरली. जावयाने रागाने पेढे घेऊन दिले होते: "जा, बापाचं तोंड गोड करून ये."

"बाबा, मले तरी इचाराचं होतं," गंगू म्हणाली, आणि स्टँडवरच्या बाकावर बसून रडली. शेंगदाणेवाला, दोन हमाल आणि मानोऱ्याला जाणारे सगळे उतारू अदबीने भोवती उभे राहिले.

"अवं पण काय इचाराचं?"

"तेच!"

तिची समजूत पटायला सहा गाड्या जाव्या लागल्या, त्यातल्या दोन शिट्टीविना गेल्या. पेढे शेवटी हमालांनी खाल्ले आणि नवरदेवाला आशीर्वाद दिला.

पण खरा घाव संध्याकाळी बसला. शेलूबाजारच्या जीपवाल्याने सोजरबाईचा निरोप आणला. "नवी नवरी सांभाळ म्हना. मले न इचारता लगन करनाऱ्यानं माह्या डोळ्याजवळ बसू नये. डोळा माहा मी कापू देत नाई."

इंद्रभान बराच वेळ शिट्टी हातात धरून उभा राहिला. लग्न नाही, नवरी नाही, आणि तिच्यापायी बहिणीचा डोळा चालला होता.

*

समितीची बैठक शाळेत भरली. सातवीच्या वर्गात, मुलांच्या बाकांवर, गुडघे हनुवटीला लावून बारा उमेदवार बसले. टेबलामागे उकंडराव, आणि त्यांच्याशेजारी अकोल्याहून जागा पाहायला आलेल्या डॉक्टरीणबाई.

नानाजी उभे राहिले. गुप्ततेच्या दृष्टीने ते काही लिहून ठेवत नसत. लिहिलेलं कुणीही वाचतं. ते सगळं तोंडपाठ करत आणि भर सभेत म्हणून दाखवत.

"इंद्रभान. वय छत्तीस. बारा एकर ओलीत."

"थांबा," उकंडराव म्हणाले. "बारा एकर ओलीतवाला मानूस एसटीत शिट्टी कायले फुकते?"

"मालक, हे म्या नाई सांगतलं," इंद्रभान म्हणाला. "मले अठ्ठेचाळीस चालू हाय. एकर एकबी नाई."

"म्हंजे लपवाछपवी हाय!"

"आता विरुद्ध बाजू," नानाजी म्हणाले. त्यांनी घसा साफ केला आणि मास्तर कविता म्हणतात तसं, दुर्गाबाईचं बोलणं जसंच्या तसं म्हटलं: "मानूस नाई, बाई हाय तो. बायको खाटेवर पडली त दार लावून घ्यायचा आन् तिचं अंग पुसायचा. घान काढायचा. लुगडे धुवायचा. लोकायले सांगे, दवाखान्यातली बाई येते. कोनी बाई नाई येत होती. तेल उन्हात ठेवून पातळ करायचा आन् तिची वेनी घालायचा. तीन डाव उसवून पुन्ना घालायचा. असल्या बायकी मानसाले कोन पोरगी देते?"

मागच्या बाकावर कुणीतरी फिस्सकन हसलं.

इंद्रभान उठला. बाक इतका लहान होता की तो त्याच्याबरोबरच उठला. तो सोडवून खाली ठेवायला वेळ गेला, आणि तेवढ्या वेळात हसू थांबलं.

"माह्यं वय सांगा," तो म्हणाला. "पगार सांगा. मी चुलीपाशी बसतो, भाकरी जाळतो, सांगा पेपरात. पन ते दार म्या लावलं होतं. आतमंदी जे होतं ते माह्या एकट्याचं नव्हतं, तिचंबी होतं. तिले कोनी इचारलं काय, सांगू का म्हून?"

बाहेर शाळेचा शिपाई घंटा पुसत होता, तेवढा आवाज.

"मले नाई होयाचं तुमचं स्वयंसेवक." तो दारापर्यंत गेला. आणि दाराशी थांबला, कारण बाहेर पडलं की सोजरबाईचा डोळा गेला, हे त्याला तिथे आठवलं. आत यायला मान आड येत होता आणि बाहेर जायला बहीण. तो उंबऱ्यावरच उभा राहिला, सुटायची वेळ झाली तरी ड्रायव्हर न आलेल्या गाडीसारखा.

डॉक्टरीणबाईंनी चष्मा काढला. "बाकीच्या अकरा जणांपैकी कोणी कधी आजारी माणसाचं अंग पुसलंय?"

अकरा जणांनी भिंतीवरचा नकाशा पाहिला.

"भांडं दिलंय? माणूस न हलवता चादर बदललीय?"

नकाशात वऱ्हाड कुठे आहे ते अकरा जण शोधू लागले.

"उकंडराव, मला हे पाहिजेत," बाई म्हणाल्या. मग दाराकडे वळल्या. "इंद्रभानजी, ते आमच्या कानावर यायला नको होतं. आलं, त्याची माफी मागते. या खोलीतून ते बाहेर जाणार नाही. आणि नानाजी, यापुढे ज्याची चौकशी करायची त्याला आधी सांगून करायची, आणि काय विचारणार तेही सांगायचं."

"अन् वाळे?" उकंडराव म्हणाले.

"वाळ्यांचं विचारा ना. खुशाल विचारा. वाळ्यांचंच विचारा. वेणीपर्यंत जाऊ नका."

उकंडरावांना हे काही पटलं नाही. अध्यक्ष असल्यामुळे त्यांना लगेच पटून चालणारही नव्हतं. "उघडी चौकशी म्हंजे चौकशीच नाई," असं काहीसं ते सुरू करणार, तेवढ्यात नानाजींनी अदबीने विचारलं, "अध्यक्षसाहेब, तुमची चौकशी राहिलीच. ती गुप्त करू की सांगून?"

ठराव एकमताने मंजूर झाला.

*

मंगरूळला परत येताच इंद्रभान दुर्गाबाईच्या दारात गेला. नळावरचा गोटा त्याने हातात घेतला होता, का ते त्यालाही ठाऊक नव्हतं.

"काहून सांगतलं वं माय?"

"मले वाटलं तू लगन करून राह्यला," दुर्गाबाई म्हणाली. "पानी कोन भरंन माह्यं?"

"अन् तुले कसं माहीत सगळं? दार लावून होतं."

"भिंतीले भोक हाय. कंदिलाच्या खुंटीमागं."

"मंग बुजवाचं नव्हतं?"

"बुजवलं असतं रे," ती म्हणाली. "पन मंग तू रडून राह्यला, हे मले कसं समजलं असतं? चा कधी आनून द्यायचा?"

भागिरथेच्या दुखण्याच्या वर्षी दुर्गाबाईचा चहा नेमका इंद्रभान रडायचा त्याच वेळी यायचा. त्याला वाटायचं, म्हातारीचा दूधवाला अवेळी येतो.

त्याने गोटा खाली ठेवला. "उद्या भोक बुजवतो मी. मातीनं."

"बुजव. पन चा पाह्यजे असंन त भिंत ठोकजो."

दुसऱ्या दिवशी ती स्वतःच्या अधू गुडघ्यांवर त्याच्याबरोबर एसटीत चढली आणि सोजरबाईच्या अंगणात जाऊन बसली. भावाने कितीही शपथा घातल्या तरी सोजरबाई हलत नव्हती. "लगन करनारा असाच बोलते," असं तिचं म्हणणं. दुर्गाबाईने फक्त एवढंच सांगितलं, "बाई, त्याचं लगन होत नाई. म्या सोता भांजी मारली. आता या मुलखात त्याले कोनी पोरगी देत नाई."

सोजरबाईने अंधुक डोळ्याने आवाजाच्या दिशेने पाहिलं. "पक्की मारली?"

"पक्की."

"मंग बरं झालं," सोजरबाई म्हणाली. "कई कापते डोळा?"

*

शिबिरात इंद्रभानच्या छातीवर पिवळ्या कापडाचा तुकडा टाचणीने लावलेला होता. त्याच्या वाट्याला सोजरबाईची रांग आली. पट्टी बांधलेल्या म्हाताऱ्या बायका त्याला पावलांवरून ओळखू लागल्या. वाळे, पाटल्या, गाठी सगळं जागच्या जागी राहिलं. एकीने तर आपले वाळे मुद्दाम त्याच्याकडे ठेवायला दिले आणि दिवसभर "हायेत न?" म्हणून विचारून त्याला भंडावून सोडलं.

उठून बसायची परवानगी मिळाली त्या दिवशी सोजरबाई म्हणाली, "इंद्या, डोकं खाजवते रे. केसाचा गुतवळा झाला."

इंद्रभानने तेलाची बाटली खिडकीतल्या उन्हात ठेवली. पातळ झाल्यावर हातावर घेतली, मानेला धक्का न लावता केस मोकळे केले आणि वेणी घालायला बसला. बोटं आपोआप चालली. मधला पेड सैल आला तेव्हा त्याने तो उसवला आणि पुन्हा घातला.

सोजरबाईने मागे हात नेऊन वेणी चाचपली. शेंड्यापर्यंत गेली. "कुठं शिकला रे तू हे?"

शेजारच्या खाटेपाशी पाणी देणारा दुसरा स्वयंसेवक, तोच सातवीच्या वर्गात फिस्सकन हसलेला, एकदम दुसरीकडे पाहू लागला.

"एसटीत," इंद्रभान म्हणाला.

"एसटीत काय काय शिकवते बाप्पा!" सोजरबाई म्हणाली, आणि पुढे काही विचारलं नाही.

पट्टी सुटून चष्मा चढला त्या दिवशी घरच्यांनाही आत सोडलं होतं. सोजरबाईने आधी डॉक्टरीणबाईंना पाहिलं, मग छताला, मग सुनेला, आणि सुनेला नीट पाहून "तूच न?" अशी खात्री करून घेतली. शेवटी भावाकडे वळली.

"इंद्या, केस पांढरे झाले रे तुह्ये."

"मंग? छत्तीस म्हंजे काय कमी झाले?"

ती हसली, आणि पहिल्यांदाच, कुणाचा आवाज न ऐकता, दारातून येणाऱ्या दुर्गाबाईकडे बोट दाखवून म्हणाली, "ते पाय, आली तुही भांजीवाली. पायानं लंगडते, पन टाइमावर येते."

*

भागिरथा गेली त्या सकाळी तिची वेणी घातलेली होती.